चोर सोडून कॉइलला फाशी

परवा भाच्याकडच्या लग्नाला जाऊन आलो. लग्न छान झालं, पंगत छान झाली, पण मी मात्र डोक्यात राख घालून लाखनीला परत आलो. हिने दोन दिवस विचारलं, "झालं तरी काय तुम्हाला?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात, आणि त्यातल्या निदान दोघा-तिघांच्या घरी जुन्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी तर मुद्दाम.

भाच्याच्या सासरचं घराणं जुन्या मालगुजारांचं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, वाड्याची मागची बाजू पडली, पण गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एक मोटार तेवढी टिकली. १९३० च्या सुमाराची सहा सिलिंडरची शेव्हरोले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी शिवडीत उभी राहायची. आपली गाडी त्यातलीच, असं त्या घरात सांगतात. चाळीस वर्षं ती बंद होती. भाच्याने मनावर घेतलं, एका मोठ्या गॅरेजला दिली, पत्र्याचं काम झालं, सीट झाल्या, रंग तर असा दिला की त्यात पाहून भांग पाडावा. नवरदेव याच गाडीतून मांडवात येणार असं ठरलं.

गाडी आली. रस्त्यावर वेगात बरी चालायची, पण वरातीच्या चालीने हळू चालू लागली की मिस मारायची. फट्... फट्... आणि बंद. सेल्फ मारला तर म्हातारा उठावा तशी कण्हत फिरायची. लग्नाच्या पंधरा दिवस आधी गॅरेजवाल्याने निदान केलं: "कॉइल गेली आहे. नव्वद वर्षांची कॉइल, काय राहणार तिच्यात! डिस्ट्रीब्युटरही जुनाट. सगळं काढून इलेक्ट्रॉनिक टाकून देऊ." टाकून दिलं. बिल घसघशीत आलं. आणि लग्नाच्या दिवशी गाडी मांडवाच्या शंभर पावलं अलीकडे, बँडच्या ऐन भरात, पुन्हा बंद! नवरदेव उतरून चालत आला. लोक हसले. भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामाजी, आता तर सगळंच नवीन आहे. आता काय बदलायचं?"

या एका प्रश्नात सगळं दुखणं आलं. "काय बिघडलं?" असं कुणी विचारतच नाही. "काय बदलायचं?" एवढंच विचारतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीचा कुठलाही भाग तपासल्याशिवाय बाद करू नये. जुना असणं हा दोष नव्हे. आणि जो कारागीर आकडा न दाखवता, चाचणी न करता "हे गेलं" म्हणतो, तो कारागीर नव्हे, तो सुट्या भागांचा विक्रेता. मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले. उत्तरपत्रिका न उघडता, मुलाच्या आडनावाकडे किंवा सदऱ्याकडे पाहून नापास केलं असतं तर लोकांनी मला शाळेतून हाकललं असतं. मग गॅरेजमध्ये हेच कसं चालतं?

कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही मराठी माध्यमाचे बी.ए., तुम्हाला कॉइलमधलं काय कळतं? बरोबर आहे. मला शिकवलं आमच्या हायवेवरच्या एका मिस्त्रीने. माझ्या जुन्या दुचाकीला मी एका महिन्यात तीन प्लग बदलले होते. चौथा घ्यायला निघालो तेव्हा त्याने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "गुरुजी, पयले तार पाहा, मंग पॉइंट पाहा, मंग कॉइलले शिव्या द्या." दोष निघाला कंडेन्सरचा. तेव्हापासून संध्याकाळी त्याच्याकडे बसायची सवय लागली. तो सातवी पास होता. पण त्याच्याइतकी शिस्तीत विचार करणारी माणसं मला शाळा-कॉलेजातही थोडीच भेटली.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि नेमक्या क्षणी तिथे ठिणगी पडावी लागते. बॅटरी सहा व्होल्टची. सहा व्होल्टने काय ठिणगी पडणार? म्हणून कॉइल. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, एकाच लोखंडी गाभ्यावर. जाड तारेतून तीन-चार अँपिअरचा प्रवाह जातो, गाभा चुंबक बनतो. मग सी.बी. पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रीब्युटर ते ज्याच्या त्याच्या सिलिंडरला वाटून देतो. प्रवाह तुटताना पॉइंटवर जाळ होऊ नये आणि तुटणं लख्ख व्हावं म्हणून कंडेन्सर. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे मारत असेल तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. त्यातली एकही चुकायची नाही. आता मला सांगा, इतक्या जणांच्या सहकाराने जे काम होतं, ते बिघडलं की एकट्या कॉइलवरच आळ का?

कारण ती दिसते आणि बाजारात सहज मिळते. बाजारात मिळणाऱ्या वस्तूवरच दोष ठेवणं सोयीचं असतं. ज्याची किंमत लावता येत नाही, तो दोष कुणाला सापडत नाही.

भाच्याच्या गाडीचा दोष कुठे होता ते आता सांगतो. नातवाकडे दोनशे-अडीचशे रुपयांचा मल्टीमीटर होता. मी त्याला म्हटलं, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर धर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांग. या दोन जागा म्हणजे विजेच्या दृष्टीने एकच जागा. मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. मीटरने दाखवलं दीड व्होल्ट! सहातले दीड व्होल्ट वाटेतच गळत होते. बॅटरीची अर्थची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने आवळली होती तिथे बोल्ट काढून पाहिला, तर खाली तोच आरशासारखा नवा रंग. रंग म्हणजे विजेला भिंत. पान्ह्याच्या टोकाने रुपयाएवढी जागा लखलखीत खरवडली, बोल्ट आवळला, आणि गाडी घड्याळासारखी चालू लागली. पैसा लागला शून्य. नवरदेव तोवर बोहल्यावर उभा होता, पण निदान पाठवणी तरी गाडीतून झाली.

वेगात गाडी का चालायची तेही लक्षात घ्या. इंजिन जोरात असलं की डायनामो वीज देतो, आणि डायनामो इंजिनलाच बसलेला असल्याने त्याला त्या रंगवलेल्या बोल्टमधून जावंच लागत नाही. इंजिन हळू झालं की सगळा भार बॅटरीवर, म्हणजे त्या बोल्टवर. "वेगात बरी, हळू मिस, सेल्फ सुस्त" हे तीन लक्षणांचं वाक्य गाडी स्वतः बोलत होती. ते ऐकायला पाच मिनिटं कुणी दिली नाहीत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

सहा व्होल्टच्या गाड्यांचा हा जुनाच रोग आहे. बारा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गळला तर बारावा हिस्सा जातो, सहाच्या गाडीत सहावा. तेवढंच काम करायला सहा व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड लागतात. आजचे गॅरेजवाले दुकानात मिळेल ती बारा व्होल्टची बारीक केबल टाकतात, आणि मग म्हणतात जुन्या गाड्यांमध्ये दमच नसतो.

आता एकेक भाग कसा पाहावा ते लिहितो. मी मघाशी परीक्षा म्हटलं, पण परीक्षाही चुकीची घेता येते. त्यात मोठमोठे फसतात.

प्लग बाहेर काढून, इंजिनला टेकवून, ठिणगी पडते का पाहायची ही सगळ्यांची आवडती परीक्षा. तिने अर्धच कळतं. उघड्या हवेत ठिणगी सहज उडी मारते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेत तेवढ्याच फटीसाठी कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर पास झालेला आत नापास होऊ शकतो. म्हणून जुने लोक तारेचं टोक इंजिनपासून पाव इंच लांब धरून ठिणगी पाहायचे (कोरड्या फडक्याने किंवा लाकडी चिमट्याने धरून. हाताने नको, झटका साधा नसतो आणि आसपास पेट्रोलची वाफ नको). निळी, जाड, टच्च आवाज करणारी ठिणगी असेल तर कॉइल निर्दोष. पिवळी, केसासारखी, आळशी असेल तर पुढे शोधा. आधी कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्ट पोचतात का ते पाहा, मग बाकीचं.

प्लगचा रंग बघायचा. पोर्सलीन बिस्किटाच्या रंगाचं असेल तर आतलं सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तो कार्ब्युरेटरचा विषय. तेलकट ओला असेल तर रिंगा. पांढराफटक, पुरळ आल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय. प्लग हा साक्षीदार आहे, आणि आपण साक्षीदारालाच कचऱ्यात टाकून नवा आणतो.

पॉइंट. फट साधारण वीस थाऊ, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग. प्रत्येक गाडीचं पुस्तक थोडं वेगळं सांगतं, ते पाहावं. फिलर गेजने मोजावी, नखाने नाही. पॉइंट मिटलेले असताना मीटर त्यांच्या दोन्ही बाजूंना लावावा. दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ते घाण आहेत. बारीक कानशीने पुसावेत. पॉलिश पेपरने घासू नयेत, त्याचे कण धातूत रुतून बसतात. आणि पॉइंट जळलेले दिसले तर केवळ पॉइंट बदलून थांबू नये. ते जळाले का, हा खरा प्रश्न. बहुधा उत्तर शेजारच्या कंडेन्सरमध्ये असतं.

कंडेन्सरचा एक लबाड गुण आहे. साध्या मल्टीमीटरवर तो साळसूद दिसतो, कारण मीटरची बॅटरी थोड्या व्होल्टची. पॉइंट उघडताना त्याच्यावर दोन-अडीचशे व्होल्ट येतात, आणि तेव्हा तो गळतो. त्याला वायरमनच्या २५० व्होल्टच्या मेगरनेच पकडता येतं. आणि इथे मी कबूल करतो की हा भाग जुना असेल तर बहुतेक वेळा खरंच गेलेला असतो. आत कागद आणि मेण. नव्वद उन्हाळे, त्यातही आमच्या भंडाऱ्याचे उन्हाळे. तो बदलावा, खुशाल बदलावा. पण तपासून.

कॉइल. थंड असताना ओहम मोजून "ठीक आहे" म्हणणंही चूक आणि न मोजता "गेली" म्हणणंही चूक. सहा व्होल्टच्या कॉइलची जाड तार साधारण एक-दीड ओहम दाखवते, बारीक तार काही हजार ओहम. तार तुटली असेल तर एवढ्याने कळतं. पण कॉइलचा खरा रोग म्हणजे तापल्यावर आतलं आवरण दगा देणं. सकाळी गाडी फुर्रकन सुरू होते, अर्ध्या तासाने बंद पडते, तासभर सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. असं असेल तर कॉइलवर संशय घ्यायला जागा आहे. मग तापलेल्या अवस्थेतच ठिणगी पाहावी. भाच्याची गाडी थंड असतानाही तशीच वागायची. म्हणजे कॉइलवर आरोप ठेवायलाही आधार नव्हता.

डिस्ट्रीब्युटरची टोपी तर फुकटात तपासता येते. रात्री, दिवे बंद करून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं. चीर गेली असेल, कोळशाची रेघ पडली असेल, तर निळ्या किडीसारखी वीज टोपीवरून सरपटताना दिसते. तारांचंही तसंच. 

आणि एक गंमत, शाळेतल्या पेन्सिलीची. कॉइलच्या दोन तारा उलट जोडल्या तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, कारण तापलेल्या मधल्या दांडीतून वीज सहज निघते आणि तारा उलटल्या की ती थंड बाजूने निघावी लागते. तारेचं टोक आणि प्लग यांच्या फटीत टोक काढलेल्या लाकडी पेन्सिलीचं शिसं धरायचं. ठिणगीचा पिसारा प्लगच्या बाजूला फुलला तर जोडणी बरोबर, तारेच्या बाजूला फुलला तर उलटी. पन्नास वर्षं पेन्सिली वाटल्या मी, पण हा उपयोग मला मिस्त्रीनेच दाखवला.

हे सगळं करायला किती वेळ लागतो? फार तर दोन तास. खर्च? मीटर, फिलर गेज, एक पेन्सिल.

आता दुसऱ्या बाजूचं. "गुरुजी, इलेक्ट्रॉनिक चांगलंच असतं." हो, असतं. मी कशाला नाकारू? झिजणारा पॉइंट नाही, टायमिंग ढळत नाही, थंडीत लवकर सुरू होते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ते जरूर लावा. पण तीन गोष्टी विसरू नका. एक, त्याला पुरेसे व्होल्ट लागतातच. अर्थ खराब असेल तर ते पॉइंटपेक्षाही आधी मान टाकतं. भाच्याच्या वरातीत तेच झालं. दोन, ते बिघडलं तर सडक अर्जुनीच्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता कुणीही दुरुस्त करू शकत नाही. पॉइंट मात्र कानशीने घासून, काडीपेटीच्या पुठ्ठ्याने फट बघून घरी येता येतं. तीन, लावायचं तर असं लावा की उद्या काढून मूळचं बसवता येईल. मूळचे भाग डब्यात, नाव घालून, घरी ठेवा.

आणि याच्या उलट टोकाचेही लोक आहेत, त्यांच्यावरही माझा राग आहे. "सगळं मूळचंच पाहिजे" म्हणत नव्वद वर्षांची कापडी वेष्टणाची तडकलेली तार तशीच ठेवतात. तार पेट्रोलच्या नळीवर घासते आणि एक दिवस गाडीसकट गोठा जळतो. मूळपणाची पूजा हाही तपासणी टाळायचाच एक प्रकार. एकाने न तपासता सगळ्यांना नापास केलं, दुसऱ्याने न तपासता सगळ्यांना पास केलं. दोघांनीही पेपर उघडला नाही.

मोटारीचा इतिहास पाहिला तर तो तपासणाऱ्यांनीच पुढे नेलेला दिसतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाली, शंभरावर किलोमीटर. वाटेत ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं. तिने पायमोज्याच्या बंदाने तार गुंडाळली आणि पुढे गेली, असं सांगतात. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटार-प्रवासातला एक बिघाड तारेचाच, आणि तो एका बाईने रस्त्यावर उभ्या-उभ्या ओळखला! त्यानंतर बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यात बॅटरीच नको, चुंबकाच्या फिरण्यातूनच ठिणगी. या मॅग्नेटोबद्दलही आज सर्रास म्हणतात, "मेला आहे." बहुतेकदा तो मेलेला नसतो, त्याचे नालाच्या आकाराचे चुंबक क्षीण झालेले असतात, आणि तेही कुणीतरी चुंबक सोडवून ठेवताना टोकांना लोखंडी पट्टी लावली नाही म्हणून. चुंबक पुन्हा भरता येतात.

फोर्डची मॉडेल टी तर १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरात निघाली. तिच्या फ्लायव्हीलवर सोळा चुंबक आणि समोर लाकडी पेटीत चार गुणगुणणाऱ्या कॉइल. त्या काळी या कॉइल तपासायला हाताने फिरवायचं एक यंत्र असायचं. त्यात प्रत्येक कॉइल सुमारे १.३ अँपिअर घेते का आणि दर वेळी एकच स्वच्छ ठिणगी देते का ते पाहत, आणि कमी-जास्त असेल तर पत्ती वाकवून जुळवत. फेकत नसत, जुळवत. गाडी स्वस्त होती म्हणून माणसं निष्काळजी नव्हती.

मग आज असं का झालं? माझ्या मते कारण साधं आहे. तपासणीचं बिल होत नाही. गिऱ्हाईक नव्या कॉइलचे तीन हजार हसत देतं, पण "दोन तास तपासलं, दोष बोल्टखाली होता, सातशे रुपये द्या" म्हटलं तर तोंड वाकडं करतं. गुन्हेगार एकटा गॅरेजवाला नाही, आपणही आहोत. भाच्याला मी हे तोंडावर सांगितलं, त्याला राग आला, पण खरं ते खरं.

दुसरं, हात बदलले. आमच्या लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे. आजूबाजूची कितीतरी पोरं त्या वातावरणात यंत्रं शिकली, उत्तम शिकली. पण डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. त्यामुळे पॉइंटची फट या पिढीच्या हाताला लागलीच नाही. तिकडे मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या त्या गाडीवर हजारो मिस्त्रींचा हात बसला होता. ते हात आता कुठे आहेत, कुणी विचारलं?

सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी काढली, चांगलं केलं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. पण कॉइल आणि डिस्ट्रीब्युटर बदलल्याने चेसिस बदलत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडी मूळचीच राहते आणि तिची नाडी मात्र भंगारात जाते. हे कायद्याने थांबणार नाही, आपणच थांबवायला हवं.

म्हणून ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना माझं सांगणं. गॅरेजला गाडी देताना लेखी घ्या, की काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, परत मिळाला पाहिजे. "गेला" म्हणाले तर आकडा मागा: किती व्होल्ट, किती ओहम, थंड की तापलेला, कशाने मोजला. तपासणीचे वेगळे पैसे स्वतःहून द्या आणि आनंदाने द्या. आणि आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या आपल्या नात्यातल्या मंडळींनी एका टेबलावर एक जुनी कॉइल, एक पॉइंट, एक कंडेन्सर मांडून ठेवावा. त्या कॉइलवर पोरांना जो विचार करायला येईल, तो सेन्सरवरही करता येईल. आजच्या गाड्यांतही संगणकाने सांगितलं म्हणून सेन्सर बदलतात, आणि दोष निघतो त्याच्या तारेत.

लग्नानंतर दोन दिवसांनी भाच्याने त्या गॅरेजला फोन केला, जुनी कॉइल आणि डिस्ट्रीब्युटर परत मागायला. उत्तर आलं, "ते? ते तर महिन्याच्या भंगारात गेलं." किलोच्या भावाने. शिवडीत १९३० च्या सुमारास कुणा कामगाराने बसवलेली, मालगुजारांच्या तीन पिढ्यांनी पाहिलेली, आणि माझी खात्री आहे, शेवटपर्यंत धडधाकट असलेली कॉइल. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

भाचा आता तशाच कॉइलच्या शोधात आहे. मिळेल कदाचित. कुणाच्या घरी पत्र्याच्या डब्यात, खिळ्यांबरोबर, काळी टोपी असलेला जडसा डबा पडला असेल तर फेकू नका, मला कळवा. मी तपासून देईन. पेन्सिल माझी.